वारा शिट्टी कशी मारतो? तुमचे प्रश्न, या खेपेला सगळे आवाजाचे

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की पावसाळ्यात घरात-दारात जे विचित्र आवाज येतात त्याबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर, पोस्टकार्डावर इतके प्रश्न आले, एका आजोबांनी तर फोनवर तोंडाने आवाज काढून दाखवला आणि मग विचारलं हा कसला. सगळे घेता आले नाहीत. पण वाचता वाचता लक्षात आलं की कुणी खिडकीचं विचारलंय कुणी विमानाचं कुणी बासरीचं, तरी सगळ्यांच्या मुळाशी गोष्ट एकच आहे, म्हणून पहिलं उत्तर मुद्दाम लांबवलंय. ते वाचून मग पुढे जा.

प्रश्न: आम्ही ताळगावला सातव्या मजल्यावर राहतो. जूनमध्ये वारा सुटला की हॉलच्या स्लायडिंग खिडकीतून रात्री बारीक शिट्टी वाजते, मध्येच थांबते, मध्येच वर चढते. सासूबाई घाबरतात, म्हणतात हे लक्षण बरं नव्हे. नक्की काय वाजतं?

सासूबाईंना आधी सांगा की त्यांना भास होत नाहीये, आवाज खरा आहे. आता एक करून बघा. पंखा बंद करा, खिडक्या लावून घ्या, देवापुढे उदबत्ती लावा आणि जरा लांब बसून धुराकडे बघत रहा. खालचा वीतभर धूर सरळ दोरीसारखा वर जातो, मग ती दोरी डुलायला लागते, मग तिच्या गुंडाळ्या होतात आणि त्याच्या वर सगळा विस्कोट. कुणी फुंकर मारलेली नसते, धूर आपला आपणच डगमगतो. प्रवाह अस्थिर होतो म्हणतात तो हा. पळणाऱ्या हवेच्या शेजारी थांबलेली हवा असली की दोघींच्या मधली हद्द सरळ रहातच नाही, बारीकशी लाट उठली की ती वाढत जाते आणि शेवटी वळून तिचा भोवरा होतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये आणि केल्विन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये याचं गणित मांडलं, केल्विन तर वाऱ्याने पाण्यावर लाटा कशा उठतात त्याचाच विचार करत होता, म्हणजे आपण मांडवीच्या काठावर उभं राहून जे बघतो तेच.

आणि आवाज म्हणजे काय, तर हवेच्या दाबातला चढउतार. कानाच्या पडद्याला बदलणारा दाब ऐकू येतो, एकसारखा दाब ऐकू येत नाही. म्हणजे हवा कितीही जोरात वाहूदे, ती जर अगदी एकसारखी वाहिली, कुठे डगमगली नाही, कशावर आपटली नाही, तर ती मुकी असणार. मी हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवते आणि दरवर्षी हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण वारा म्हटला की आवाज आलाच असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. उदबत्तीचा धूर डगमगतो पण फार हळू, म्हणून तो ऐकू येत नाही. तुमच्या खिडकीतली हवा डगमगते आणि जोरातही असते.

आता खिडकीत काय होतं ते. दोन पल्ले एकमेकांवरून सरकतात तिथे मध्ये एक बारीक फट रहाते, वारा तिच्यातून पातळ पडद्यासारखा आत घुसतो, आणि समोर थोड्या अंतरावर अ‍ॅल्युमिनियमची कड असते. त्या पडद्यावर भोवरे तयार होतात, एक इकडे एक तिकडे असे, आणि एकेक करून त्या कडेवर जाऊन आदळतात. प्रत्येक आदळण्याला दाबाचा एक ठोका सुटतो, तो आवाजाच्या वेगाने, म्हणजे आपल्याकडच्या उबदार हवेत सेकंदाला साधारण ३५० मीटरने, मागे फटीपाशी येतो आणि तिथे जन्माला येणाऱ्या पुढच्या भोवऱ्याला धक्का देतो, म्हणजे पुढचा भोवरा बरोब्बर वेळेवर निघतो, तो कडेवर आदळतो, पुन्हा ठोका, पुन्हा धक्का. हे चक्र एकदा लागलं की भोवरे कवायतीतल्या पोरांसारखे एका तालात निघतात आणि तुम्हाला सूर ऐकू येतो. वारा वाढला की भोवरे लवकर पोचतात म्हणून सूर चढतो, आणि एका हद्दीनंतर चक्र जुळत नाही, मग तो थांबतो किंवा उडी मारून वरच्या सुरावर जातो. तुम्ही लिहिलंय "मध्येच थांबते, मध्येच वर चढते", ते अगदी हेच.

चक्र लागलं नाही तर काय, तर भोवरे लहानमोठे, वेळीअवेळी निघतात आणि नुसता सूं-सूं किंवा हिस्स असा आवाज येतो, त्याला सूर नसतो. शिट्टी आणि हिस्स यात फरक एवढाच की एकीत हवेला आपलाच आवाज ऐकू येतो आणि ती त्याच्या तालावर चालते, दुसरीत तसं होत नाही.

उपाय म्हणजे चक्र तोडायचं. पल्ल्याला रबराची बीडिंग किंवा ब्रशची पट्टी लावून फट बंद करा, नाहीतर खिडकी सरळ वीतभर उघडा, इतक्या रुंद वाटेत चक्र जुळत नाही. घाईचा उपाय म्हणजे त्या कडेवर जाड लोकरीचा धागा वाकडातिकडा चिकटवा, कड सरळ नसली की भोवरे एकाच क्षणी आदळत नाहीत. माझ्या फोंड्याच्या स्वैपाकघरात तोच धागा गेले दोन पावसाळे आहे आणि शिट्टी गेली ती गेलीच.

प्रश्न: ताई, मी दहावीत आहे, काणकोणला रहातो. गालजीबागच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली उभं राहिलं की सतत सूंऽऽ असा आवाज येतो पण शेजारच्या माडांचा तसा येत नाही, तिथे सळसळ येते. वारा तर एकच आहे ना?

फार चांगलं ऐकलंस रे, हे बहुतेक मोठी माणसंसुद्धा लक्षात घेत नाहीत. सुरूच्या ज्या आपण सुया म्हणतो ना, त्या खरं तर पानं नव्हेत, हिरव्या बारीक काड्या आहेत, पानं म्हणजे त्यांच्या सांध्यावरचे डोळ्याला जेमतेम दिसणारे खवले. काडीची जाडी साधारण एक मिलिमीटर. वारा अशा गोल काडीवरून जातो तेव्हा तिच्या मागे एकदा डावीकडून एकदा उजवीकडून असे आळीपाळीने भोवरे सुटतात आणि त्यांची एक माळ तयार होते, तिला कार्मानची भोवऱ्यांची वाट म्हणतात, थिओडोर फॉन कार्मानने १९११-१२ च्या सुमारास तिचं गणित केलं म्हणून. प्रत्येक भोवरा सुटताना काडीला बाजूला ढकलतो, काडी हवेला उलटं ढकलते, आणि त्या ढकलाढकलीचा आवाज होतो. यात काडी स्वतः हलायलाच पाहिजे असं नाही, घट्ट धरलेली तारसुद्धा गाते.

सेकंदाला किती भोवरे सुटणार त्याचा हिशोब चेक शास्त्रज्ञ विन्सेन्झ स्ट्रॉहाल याने १८७८ मध्ये शोधला. त्याने तारा एका चौकटीला लावून हवेतून गरागरा फिरवल्या आणि सूर मोजले. नियम इतका सोपा की तू तोंडी करशील: वाऱ्याचा वेग भागिले जाडी, गुणिले ०.२. आता गालजीबागला सेकंदाला ५ मीटर वारा धर, ताशी १८ किलोमीटर झाला, आणि काडी १ मिलिमीटर म्हणजे ०.००१ मीटर. उत्तर १००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १००० वेळा, कानाला छान ऐकू येणारा सूर. आता माडाचं खोड घे, ३० सेंटिमीटर जाडीचं, त्याच वाऱ्यात ३ हर्ट्झच्या थोडं वर. आपला कान २० हर्ट्झच्या खाली ऐकत नाही. म्हणजे माडाच्या खोडामागेही भोवरे सुटतायत, मोठे मोठे, फक्त ते आपल्याला ऐकू येत नाहीत. जी सळसळ येते ती झावळीच्या पाती एकमेकींवर आपटतात घासतात त्याची, ते काम वेगळं. आणि सुरूच्या हजारो काड्या, प्रत्येक थोडी वेगळ्या जाडीची, प्रत्येकीपाशी वारा थोडा वेगळा, म्हणून एक सूर न येता सगळे मिळून तो लांब सूंऽऽ येतो.

घरी करून बघ. पातळ छडी, साधारण ५ मिलिमीटरची, मोकळ्या जागेत जोरात फिरव (शेजारी कुणी नाही ना बघून). टोक सेकंदाला २० मीटरने गेलं तर ८०० हर्ट्झ यायला पाहिजे, फोनवर ट्यूनरचं अ‍ॅप घे आणि बघ जवळपास येतं का. मग दुप्पट जाड छडी घे. मोजलेले आकडे मला पाठव, पुढच्या अंकात छापते.

हाच नियम इंजिनियर लोकांना फार छळतो. २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाच्या कठड्याला वारा सहज जावा म्हणून पातळ पट्ट्या बसवल्या आणि जोराचा वारा सुटला तसा अख्खा पूल गायला लागला, कित्येक किलोमीटर लांबच्या घरांत लोकांना ऐकू येत होतं. कारखान्याच्या उंच धुराड्याला वरच्या भागात जिन्यासारखी गुंडाळलेली पट्टी असते बघ, ती शोभेची नसते, तिच्यामुळे भोवरे वरपासून खालपर्यंत एका वेळी सुटत नाहीत. गाडीच्या अँटेनावरची पिळाची तार पण त्याच कामाची.

प्रश्न: मी म्हार्दोळला बासरी शिकते, तीन महिने झाले. गुरुजी फुंकतात तेव्हा लगेच सूर लागतो, माझी बासरी फुस्स करते. मी जोर जास्त लावते तरी फुस्स. चुकतंय कुठे?

जोरात नाही चुकत तू, अंतरात आणि कोनात चुकतेस असं मला वाटतं, अर्थात गुरुजी समोर बसून बघतात त्यांचंच खरं. पण आत काय होतं ते सांगते म्हणजे रियाज करताना मनात चित्र राहील.

ओठातून निघालेली हवा म्हणजे एक पातळ पट्टी, ती भोकाच्या पलीकडच्या कडेवर जाते. तिथे ती क्षणभर बासरीच्या आत जाते, क्षणभर बाहेर, पुन्हा आत, म्हणजे झोक्यासारखी हलते. तिला हलवतं कोण, तर बासरीच्या आतला हवेचा स्तंभ, तो भोकातून आत-बाहेर श्वास घेतल्यासारखा होत असतो आणि ओठापाशी त्या पट्टीला वाकवतो. तो वाक पट्टीवरून लाट होऊन पुढे जातो, फुंकीच्या वेगाच्या साधारण निम्म्या वेगाने, आणि कडेपाशी पोचायला त्याला जो वेळ लागतो तो सुराच्या जवळजवळ अर्ध्या आवर्तनाइतका असला की प्रत्येक झोक्याला योग्य वेळी ढकल मिळते आणि सूर धरतो. आकड्यात बघ, ५०० हर्ट्झचा सूर म्हणजे एक आवर्तन एका सेकंदाच्या पाचशेव्या भागाचं. फुंक सेकंदाला २० मीटर, तर लाट १० मीटर, ओठ ते कड ८ मिलिमीटर, वेळ लागला ०.०००८ सेकंद, अर्धं आवर्तन ०.००१ सेकंद. जुळत आलं. ओठ लांब गेले की वेळ वाढला, पट्टी कडेपर्यंत पोचेस्तोवर विस्कटलीही, मग ढकल चुकीच्या वेळी पडते आणि उरते ती फुस्स. तारसप्तकात जाताना गुरुजी जोर वाढवतात आणि ओठही जवळ आणतात, नीट बघ, दोन्हींनी तो वेळ कमी होतो आणि स्तंभ वरच्या सुरावर जातो.

हवेची पट्टी इतकी हळवी असते यावर विश्वास बसत नसेल तर १८५८ ची गोष्ट आहे. अमेरिकेत जॉन लेकाँट नावाचे एक प्राध्यापक एका घरी संगीत ऐकायला गेले होते, तिथे भिंतीवर गॅसची ज्योत होती आणि चेलोचे सूर जसे कंप पावत होते तशी ती ज्योत उड्या मारत होती, त्यांनी लिहिलंय की बहिऱ्या माणसालाही ते संगीत दिसलं असतं. अस्थिर व्हायच्या अगदी काठावर असलेला गॅसचा झोत आवाज ऐकतो. तुझ्या ओठातून निघालेली हवासुद्धा ऐकत असते, तिला फक्त बासरीच्या पुरेशी जवळ नेऊन ठेव.

प्रश्न: आमच्या म्हापशाला सकाळी पाव विकणारा पोदेर येतो, त्याच्या भोंग्याचा पों-पों एवढासा रबरी फुगा दाबून इतका लांब कसा जातो? आणि हळू दाबा की जोरात, सूर तोच कसा?

भोंग्यात एक धातूची पातळ पत्ती असते. फुगा दाबला की हवा पत्तीच्या फटीतून पळते, पत्ती आत ओढली जाते, फट बंद होते, हवा थांबते, पत्ती उसळून परत येते, हवा सुटते. हे सेकंदाला शेकडो वेळा. सूर ठरवते पत्तीची लांबी आणि जाडी, म्हणून दाब बदलला तरी सूर जवळपास तोच, फक्त आवाज लहानमोठा. भजनातल्या पेटीच्या पट्ट्या याच तत्त्वावर चालतात आणि आपल्या गळ्यातले स्वरतंतूपण, बोलताना पुरुषांचे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आणि बायकांचे दोनशेच्या आसपास उघडमीट करतात. लांब जायचं कारण म्हणजे इथे हवेचे तुकडे होऊन बाहेर पडतात, पूर्ण चालू पूर्ण बंद, आणि हा हवेतून आवाज काढायचा सगळ्यात ताकदवान प्रकार आहे. वरून कर्ण्याचं तोंड तो बाहेरच्या हवेत नीट पोचवतं. ताकदीचं असं का ते पुढच्या उत्तरात येतंय.

प्रश्न: आम्ही चिखलीला रहातो, विमानतळाच्या अगदी जवळ. एवढं मोठं दोनशे माणसांचं प्रवासी विमान उडतं तरी बोलणं चालू ठेवता येतं, आणि नौदलाचं ते लहानसं लढाऊ विमान उडालं की खिडक्या थरथरतात, आमची नात कान धरून रडते. आकार लहान आणि आवाज मोठा असं का?

काकू, या प्रश्नाचं उत्तर ज्याने शोधलं तो माणूस मला फार आवडतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते. जेम्स लाइटहिल, इंग्रज गणिती, जन्म १९२४. १९५२ मध्ये, ज्या वर्षी जेट विमानातून तिकीट काढून प्रवास सुरू झाला त्याच वर्षी, त्याने एक लेख लिहिला ज्याच्यावर हे पूर्ण शास्त्र उभं आहे. हवेच्या हालचालीची जी अचूक समीकरणं आहेत ती त्याने काही न सोडता फक्त वेगळ्या पद्धतीने मांडली, अशी की डाव्या बाजूला शांत हवेतून जाणारा आवाज आणि उजव्या बाजूला त्या आवाजाचं मूळ, म्हणजे झोतातली सगळी धुमश्चक्री. एका ओळीत त्याने सांगितलं की भोवऱ्यांनी भरलेला झोत हा शांत हवेत ठेवलेल्या असंख्य बारीक भोंग्यांसारखा समजा.

पण कसले भोंगे, तिथे खरी मजा आहे. आवाज काढायचे तीन प्रकार धरा. पहिला पोदेराच्या भोंग्याचा, हवा बाहेर ढकलली, थांबवली, ढकलली. दुसरा सुरूच्या काडीचा, हवा कशावर तरी बाजूला ढकलली जाते, एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला कमी होतो, म्हणजे थोडं आपसातच मिटतं. तिसरा मोकळ्या झोताचा, तिथे ढकलायला काडीही नाही, हवेचा एक गोळा दुसऱ्या गोळ्याला ढकलतो आणि दुसरा तेवढंच उलटं ढकलतो, जवळजवळ सगळं आपसात मिटतं आणि अगदी थोडं बाहेर पडतं. शाळेतला नादकाटा आठवा, हातात धरून वाजवला तर कानाजवळ न्यावा लागतो कारण त्याचे दोन पाय उलटसुलट हलतात आणि एकमेकांचा आवाज खातात, तोच टेबलावर टेकवला की वर्गभर ऐकू येतो. मोकळा झोत म्हणजे हातात धरलेला नादकाटा.

आता गंमत अशी की हे आपसात मिटणं वेग वाढला की झपाट्याने कमी होतं. लाइटहिलने दाखवलं की मोकळ्या झोताच्या आवाजाची शक्ती वेगाच्या आठव्या घातात वाढते. आठव्या! वेग दुप्पट केला तर आवाज २५६ पट. एन. कर्ल याने १९५५ मध्ये मधे घन वस्तू असली तर काय ते काढलं, तिथे सहावा घात, दुप्पट वेगाला ६४ पट.

मग विमान बनवणाऱ्यांनी काय केलं बघा. विमानाला पुढे ढकलायला लागणारा जोर दोन रीतीने मिळतो, थोडी हवा फार जोरात मागे फेका किंवा पुष्कळ हवा हळू फेका. झोताचा वेग निम्मा केला तर तेवढाच जोर मिळायला तोंड चौपट मोठं लागतं, पण आवाज? चौपट मोठं म्हणून चारपट, वेग निम्मा म्हणून २५६ वा भाग, हिशोब केला तर ६४ वा भाग. जोर तेवढाच आणि आवाजाची शक्ती ६४ वा हिस्सा. दाबोळीला उतरणाऱ्या नव्या प्रवासी विमानांची इंजिनं इतकी रुंद का दिसतात, तर त्यांत पुढच्या मोठ्या पंख्याने ओढलेल्या हवेतला बहुतेक भाग जळणाच्या भट्टीत जातच नाही, बाजूने हळू मागे जातो, भट्टीतून जाणाऱ्या हवेच्या दहा-बारा पट. आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावरच्या मिग-२९के लढाऊ विमानाला मात्र वेग हवा, सडपातळ शरीर हवं, म्हणून इंजिन अरुंद आणि झोत भयंकर वेगवान. आफ्टरबर्नर, म्हणजे झोतात पुन्हा जळण पेटवून जोर वाढवायची सोय, लावला की झोत आवाजाच्या वेगापेक्षा पुढे जातो, तिथे आठव्या घाताचा नियमही मागे पडतो आणि झोतातल्या दाबाच्या भिंतींचे वेगळेच कडकडाट सुरू होतात. तुमच्या खिडक्या त्याने थरथरतात. नातीचे कान हाताने झाकता ते बरोबरच करता, तिला जवळ घ्या आणि जमल्यास त्या वेळी खिडक्या लावून घ्या.

लाइटहिल १९९८ मध्ये गेला. सार्क नावाच्या बेटाभोवती पोहत असताना, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. त्या बेटाला त्याने त्याआधीही पोहून फेऱ्या मारल्या होत्या.

प्रश्न: पर्वरीहून मडगावला जाताना गाडीची मागची एकच काच उघडली की कानात ढब-ढब-ढब असं होतं, डोकं दुखायला लागतं. गाडीत काही बिघाड आहे का?

बिघाड काही नाही. सोड्याच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकलं की ती भूंऽ करते ना, तुमची गाडी म्हणजे तीच बाटली, फक्त खोली एवढी. खिडकीच्या पुढच्या कडेवरून भोवरे सुटतात, मागच्या कडेवर आदळतात, आतली हवा स्प्रिंगसारखी दबते-सुटते आणि दोघांची वेळ जुळली की झालं. लहान बाटली दोनशे हर्ट्झच्या आसपास वाजते, गाडी एवढी मोठी की सूर २० हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणून ऐकू येण्यापेक्षा कानावर दाबल्यासारखं जास्त वाटतं. दुसऱ्या बाजूची काच दोन बोटं उघडा, लगेच थांबेल.

प्रश्न: कुकरची शिट्टी आणि चहाच्या किटलीची शिट्टी एकच का? आणि गॅस सिलिंडरपाशी कधी कधी बारीक हिस्स येतो तो धोक्याचा का?

किटलीची शिट्टी एवढी साधी वस्तू, पण ती नीट कशी वाजते ते २०१३ पर्यंत पूर्ण कळलं नव्हतं म्हटलं तर खरं वाटेल का? केंब्रिजमध्ये रॉस हेन्रीवूड हा विद्यार्थी आणि त्याचे शिक्षक अनुराग अग्रवाल यांनी ते मोजून काढलं. शिट्टीत दोन पत्रे असतात, दोघांना एकेक भोक, मधे थोडी पोकळी. सुरुवातीला वाफ कमी असताना ती बाटलीसारखी वाजते, आणि वाफ वाढली की पहिल्या भोकातून आलेल्या झोतात भोवरे पडतात, ते दुसऱ्या भोकावर आदळतात आणि किटलीच्या तोटीची लांबी सूर ठरवते. कुकरमध्ये आतला दाब बाहेरच्या जवळजवळ दुप्पट असतो, त्यामुळे वजन उचललं गेलं की वाफ त्या बारीक तोंडातून आवाजाच्या वेगाच्या आसपास सुटते, बाहेर येऊन विस्कटते आणि वजनही थरथरतं, म्हणून तो आवाज शिट्टी कमी आणि फुत्कार जास्त.

सिलिंडरचं मात्र मन लावून वाचा. भोक जितकं बारीक तितके भोवरे बारीक आणि आवाज तितका उंच, त्यातला बराचसा माणसाच्या कानाच्या वर असतो, कारखान्यात गळती शोधायला म्हणूनच न ऐकू येणारा आवाज पकडणारी यंत्रं वापरतात. म्हणजे घरात हिस्स ऐकू आला नाही याचा अर्थ गळती नाही असा होत नाही. वासावर विश्वास ठेवा, तो वास गॅसमध्ये त्याच्यासाठीच मिसळलेला असतो. शंका आली तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, लाइटचं बटण चालूही करू नका बंदही करू नका, आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन लावा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. फुगे येतात का बघायला साबणाचं पाणी लावा, काडी पेटवून कधीही बघू नका.

प्रश्न: घुबड खरंच आवाज न करता उडतं का? की ते रात्री उडतं म्हणून आपल्याला वाटतं?

खरंच. पंखावरून आलेली विस्कळीत हवा पंखाच्या मागच्या धारदार कडेवरून जाताना सगळ्यात जास्त आवाज करते, आणि गव्हाणी घुबडाच्या पंखाला मागे मऊ झालर असते म्हणून ती कड धारदार रहातच नाही. पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते, वरून मखमलीसारखी लव. पवनचक्क्यांच्या पात्यांना मागे करवतीसारखे दाते आता याच कारणाने लावतात.

प्रश्न: माझा नातू सहा वर्षांचा, पुढचे दोन दात पडले तेव्हापासून "समई"ला वेगळंच काहीतरी म्हणतो. डॉक्टरला दाखवू का? – साखळीहून एक आजी

आजी, थोडं थांबा. व्याकरणात श, ष, स यांना घर्षक म्हणतात ते किती बरोबर आहे बघा. स म्हणताना गळा वाजतच नाही, गळ्याला बोट लावा, थरथर नाही लागणार. जीभ हवेचा एक बारीक झोत बनवते आणि तो पुढच्या दातांच्या कडेवर आदळतो, तिथे जी फाटाफूट होते तोच स. खिडकीतली कड, बासरीची कड, तशी ही दाताची कड. नातवाचा झोत नीट निघतोय, आदळायला दात नाहीत एवढंच. श जरा बरा म्हणत असेल बघा. नवे दात अर्धे वर आले की "समई" परत येईल, आणि दात पूर्ण येऊनही स नीट येत नसेल तर तेव्हा दाखवा.